रिकाम्या खोलीतला साबण

आमच्या घरात किस्से जमतात ते साबणाच्या खोक्यांसारखे. एकेक आत येताना कुणाचं लक्ष नसतं. मग एक दिवस दार उघडायला जावं, तर दारच उघडत नाही.

मी स्वीडनमध्ये शिकून भोपाळला परतले ती एक गोष्ट पक्की ठरवून: बिघडलेली वस्तू फेकायची नाही, दुरुस्त करायची. लोकांनी आपापले मिक्सर, पंखे, इस्त्र्या घेऊन यावं, एकत्र बसून त्या वस्तू उघडाव्यात, आणि शिकावं. सगळं फुकट. त्यासाठी हवी होती फक्त एक खोली.

भोपाळच्या कोटरा सुल्तानाबाद भागात अण्णाकाकांच्या घराला रस्त्याच्या बाजूची अशी एक खोली होती. अण्णाकाका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनियर. खोली रिकामी आहे ना, असं मी फोनवर विचारलं होतं. एकदम रिकामी, म्हणाले. इंदूरहून बाबांनी बजावलं की होळीपर्यंत चालवून दाखव, नाहीतर पुण्याची नोकरी धर.

दार ढकललं तर आत जवळजवळ छतापर्यंत साबण, चहा आणि तेलाचे डबे. मी काकांकडे बघितलं.

"रिकामीच आहे," ते म्हणाले. "माणूस कोण राहतं तिथे?"

*

काकांचा सिद्धांत सोपा आहे. बँकेतला पैसा झोपून राहतो, आणि किराण्याचा भाव रोज उठून व्यायाम करतो. म्हणून भाव वाढण्याआधी माल भरावा, वाढला की वापरावा. तोच नफा.

काकूंचा आक्षेप होता की साबण ठेवून ठेवून वाळतो, त्याचं वजन घटतं.

"वाळलेला साबण कमी झिजतो," काका म्हणाले. "ते व्याज."

कोपऱ्यावरच्या किराणावाल्या जैनभैयांनी एकदा त्यांना विचारलं होतं, "अंकल, दुकान आपका है कि मेरा?" काकांनी ती स्तुती समजून आणखी एक खोकं उचललं.

*

घरात एक कडक नियम आहे. जुना माल आधी संपवायचा. त्यामुळे ताजा चहा काय असतो हे काकूंना ठाऊक नाही. ताजा पुडा आला की तो रांगेत मागे उभा राहतो, आणि त्याचा नंबर लागेपर्यंत तोही जुना होतो.

त्यात चहा आणि चंदनाचा साबण एकाच खोलीत. शेजारचे बापट पहिल्यांदा घरी चहा प्यायले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, वा, काय सुगंध आहे! कुठला चहा म्हणायचा हा?

"आंघोळीचा," काकू म्हणाल्या.

*

बापट हे काकांचं बातमीखातं. संध्याकाळी पार्कातल्या बाकावर निवृत्तांची जी बैठक भरते, तिथे पुढे काय महागणार हे बापट सांगतात. एकदा त्यांनी काडेपेट्यांची टीप दिली. काकांनी पोतंभर आणल्या. घरात इंडक्शन आणि लायटर. काड्या लागणार त्या फक्त देवापुढे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी वाण म्हणून प्रत्येकीला काडेपेटी दिली. बापटकाकूंनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"वहिनी, वाण लुटायचं असतं हो," त्या म्हणाल्या. "घर पेटवायचं नसतं."

*

मला वाटलं, या लोकांना कुणी नीट समजावूनच सांगितलेलं नाही. म्हणून एका संध्याकाळी मी त्या बाकापुढे उभी राहिले आणि मनापासून बोलले. गरजेपेक्षा जास्त साठवणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं काढून घेणं. समजा, उद्या सगळ्यांनीच तेल भरून ठेवलं, तर बाजारात टंचाई होईल, भाव भडकेल, आणि ज्याच्या हातात रोजच्यापुरतेच पैसे येतात त्याला फोडणीसुद्धा परवडणार नाही. सगळे गंभीर झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जैनभैयांच्या दुकानातलं तेल संपलं.

बापट घरी आले ते माझे आभार मानायला.

*

खोलीसाठी मी काकांशी करार केला. साबणाचा भाव वाढला की माल बाहेर, खोली माझी. म्हणजे कमी वस्तूंत जगायचा प्रचार करणारी मी रोज सकाळी पेपर उघडून महागाईची वाट बघत होते.

आणि सरकारने कर कमी केला. साबण स्वस्त झाला.

काका दोन दिवस जुनी बिलं काढून बेरजा करत बसले. तिसऱ्या दिवशी पिशव्या घेऊन निघाले. काकूंनी विचारलं, आता कुठे?

"साबण आणायला. पडत्या भावात घेतला की सरासरी खाली येते."

खोलीत तोवर निदान वारा तरी शिरत होता. तोही बंद झाला.

*

होळी जवळ येत चालली, तेव्हा मी खोली रिकामी होण्याचा नाद सोडला. तेलाचे डबे ओळीत मांडून त्यांवर फळी टाकली, टेबल झालं. साबणाची खोकी भिंतीलगत लावली, ती बैठक झाली. काकांनी एकच अट घातली: कोपऱ्यावर बसायचं नाही, खोकं दबतं.

पहिल्या रविवारी तीन माणसं आली. मग शेजारची गल्ली यायला लागली, आणि बाबांनी पुण्याचं नाव काढणं सोडलं. काका सुरुवातीला खोक्यांवर नजर ठेवायला दारात उभे राहत. एकदा कुणीतरी चुकीची तार जोडत होतं, ते त्यांना बघवलं नाही, ते आत आले. पुढच्या रविवारी सोल्डरिंग करायला ते सगळ्यांच्या आधी हजर होते.

आता मला वेगळीच काळजी लागली. करार माझाच होता. भाव वाढला की माल बाहेर, आणि माल गेला की माणसांना बसवायचं कुठे? मी पुन्हा पेपर बघायला लागले, या वेळी भाव वाढू नये म्हणून.

तो वाढलाच. बापट सकाळी सकाळी हातात पेपर घेऊन आले. काका जिंकले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच इतक्या स्पष्टपणे. त्यांनी बापटांना बसवून चंदनी चहा पाजला.

तो रविवार होता. अकराच्या सुमारास काकूंनी न्हाणीघरातून हाक मारली, साबण संपलाय, एक वडी द्या. काका खोलीच्या दारापर्यंत गेले. शहराबाहेरच्या मिसरोदहून बस बदलून आलेल्या एक आजी चंदनाच्या खोक्यावर टेबलफॅन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी एक बाई, तिच्या शेजारी एक रिक्षावाले. सगळी खोकी भरलेली.

काकांनी खोक्यांची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग चपला घालून बाहेर पडले आणि जैनभैयांकडून साबणाची एक वडी घेऊन आले. नव्या भावाची.

काकूंनी दाराच्या फटीतून वडी घेतली, तिचा करकरीत कागद बघितला.

"अहो, घरात खोलीभर साबण आहे ना?"

"आहे," काका म्हणाले. "पण त्यावर माणसं बसलीयेत."