चूर्णवाल्याची जळजळ

स्टेशनमास्तर माझ्या चूर्णाची चिमूट हातात धरून उभे, आणि नेमकं तेव्हाच माझ्या घशाशी आंबट आलं. मी गिळलं. पण डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनी बघितलंच.

कल्याण स्टेशनाबाहेर मी आम्लपित्ताचं चूर्ण विकायचो. आम्लपित्त म्हणजे जेवल्यावर छातीत जळतं, आंबट वर येतं, ते. आवळकाठी, ज्येष्ठमध, धणे, बडीशेप, वर खडीसाखर. वैद्यबुवांकडे खलबत्ता चालवता चालवता शिकलेलो, नाहीतर मला अक्षर एक येत नाही. धंद्याची रीत अशी, की विकणाऱ्याने आधी स्वतः चिमूट खायची, मग गिऱ्हाईक खाणार. विष नाही ना, म्हणून. त्यामुळे सगळ्यात जास्त चूर्ण मीच खायचो. माणसांसोबत खाल्लेलं तेवढंच. बायको पटकीच्या साथीत गेली तेव्हापासून घरी मी आणि सकाळचा भात.

मास्तरांचा त्रास जुना. त्यांना गुण आला तर मला व्हरांड्यात बसायला मिळणार होतं. नाहीतर पोर्टर रोज हाकलायचा, मग धंदा कुठे करू?

"अरे, दिवसभर तूच खातोस आणि तुलाच जळतंय?" मास्तर म्हणाले.

"साहेब, माल चांगलाय. माणूस खराब निघाला."

पोर्टर हसला. मास्तर हसले नाहीत, पण पुडी घेतली. मी पथ्य सांगितलं. रात्रीचं जेवण लवकर, मिरची कमी, आणि जेवल्या जेवल्या आडवं व्हायचं नाही.

काही दिवसांनी ते स्वतःहून आले. जळजळ बरीच कमी झालेली. बायकोने मिरचीचं लोणचं लपवलंय, अंगणात फेऱ्या मारल्याशिवाय अंथरूण घालू देत नाही, अशी तक्रार करत होते, पण चेहरा खुशीत. मग मला विचारलं, "तू काय करतोस रे जेवल्यावर?"

"आडवा होतो, साहेब. दुसरं काम काय?"

"कोणी उठवत नाही?"

मी पुड्या बांधत बसलो. मास्तर पोर्टरला म्हणाले, याला व्हरांड्यात बसू दे.

जागा मिळाली, धंदा वाढला. जळजळ आहे तशीच.

आता नवं गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारतो, घरी कोण कोण आहे. कोणी दटावणारं असेल तर चूर्णाचा गुण लवकर येतो. एकटा असला तर पुडी देतो आणि गप्पा मारत बसवून ठेवतो. तेवढा वेळ तरी तो आडवा होत नाही. मीपण नाही.