मागे घेतलेला अहवाल

जळगावला वाराणसीची गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते. तेवढ्यात अण्णांनी माझी बॅग बाकाखाली सरकवली, पुन्हा बाहेर ओढली, साखळीनं बांधली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्याच खिशात टाकली. गाडी हलल्यावर त्यांच्या लक्षात आलं. डब्याबरोबर भराभर चालत त्यांनी ती खिडकीच्या गजांतून माझ्या हातात दिली. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या माणसाला असं धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आई मागेच उभी होती. सकाळपासून तिनं एकच वाक्य तीनदा म्हटलं होतं, "तिकडे गेल्यावर आमच्याशी हिंदीत बोलायला लागू नकोस." मी तिन्ही वेळा हसण्यावारी नेलं.

आमच्या चाळीसगावात काशीला जातात ते अस्थी घेऊन, नाहीतर म्हातारपणी. सव्विसाव्या वर्षी मी मानसशास्त्रात पीएच.डी. करायला तिथं निघाले, याचं शेजाऱ्यांना काय करावं ते कळेना. एका काकूंनी तर गंगाजलाची रिकामी बाटली आणून दिली. मला मात्र निघायची घाई होती. कशाची घाई, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आमचं शिक्षण दोन भागांत होतं. पहिलं वर्ष रुग्णालयाच्या मनोविकार विभागात, दुसरं शाळांमध्ये; संशोधन बरोबरीनं चालूच. रुग्णालयात पहिल्याच आठवड्यात एक बाई म्हणाली, "मन उचटा-उचटा रहता है," म्हणजे मन कशातच लागत नाही. मी मान डोलावली आणि फॉर्ममध्ये कोणत्या रकान्यात खूण करायची ते शोधत बसले. तिला काय होतंय ते मला पुरतं कळलं होतं, कारण मलाही तेच होत होतं. पण आजूबाजूचे विद्यार्थी रुग्णांशी कधी हिंदीत, कधी भोजपुरीत सहज बोलायचे, आणि मी तोंड उघडलं की रुग्ण विचारायचे, "आप कहाँ की हैं?" तपासायला बसलेल्या माणसालाच असं कोणी तपासायला लागलं की फार ओशाळायला होतं.

तेव्हा मी ब्रह्मा घाटावर एका मराठी कुटुंबाकडे राहत होते. त्यांच्या कितीतरी पिढ्या काशीत गेल्या होत्या. घरच्या काकू म्हणायच्या, "तू आधी आराम करून घे, उगाच परेशान नको होऊ." त्यांची नातवंडं मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. सुरुवातीला त्या मराठीची मला गंमत वाटायची, मग धास्ती वाटू लागली: इथं राहिले तर माझी हिंदीही सुधारणार नाही आणि मराठीही धड राहणार नाही. चार महिन्यांत मी विद्यापीठाजवळच्या लंका भागात खोली घेतली, तिथून अस्सी घाटाकडे, तिथून पुन्हा दुसरीकडे. संध्याकाळी घाटाघाटानं चालत सुटायचे. अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर बसायचं ठरवून निघायचे आणि न बसताच पुढे जायचे. चालता चालता पुटपुटत हिंदी घोटायचे. ळ गेला, मराठी च-ज गेले, हेल गेला. वर्षाच्या शेवटी "आप कहाँ की हैं" हा प्रश्न थांबला. ही माझी मोठी कमाई आहे असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या वर्षी मला एक खासगी शाळा मिळाली. तिसरीतल्या एका मुलीला वर्गाच्या बाईंनी माझ्याकडे पाठवलं. जुलैमध्ये शाळेत आली होती आणि पाच महिन्यांत वर्गात एक शब्द बोलली नव्हती. हजेरीपटावर नाव होतं 'सानिका कुमारी'. तिकडे आडनाव न लावता मुलींच्या नावापुढे कुमारी लिहायची पद्धत सर्रास आहे, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. तीन बैठका झाल्या. मी माझ्या घोटीव हिंदीत विचारत गेले, ती टेबलाच्या कडेकडे पाहत राहिली. ठोकळ्यांच्या चाचण्या तिनं निम्म्याअर्ध्या केल्या. शब्दांच्या चाचणीत सगळीकडे शून्य.

माझ्या पीएच.डी.च्या गाइड मॅडम तेव्हा परगावी होत्या. त्यांच्या सहीशिवाय अहवाल बाहेर द्यायचा नाही असा नियम आहे, आणि तो मला पाठ होता. पण प्रिन्सिपल रोज विचारत होत्या, माझ्या केसेस मागे पडल्या होत्या, आणि शाळेतली ती तपासणीची खोली सोडून पुढच्या कामाला लागायची मला घाई झाली होती. मी माझ्याच सहीनं दोन पानांचा कच्चा अहवाल दिला. त्यात लिहिलं: बौद्धिक क्षमता वयाच्या मानानं बरीच कमी, विशेष शाळेचा विचार व्हावा.

चार दिवसांनी प्रिन्सिपलनी मुलीच्या आईला बोलावलं आणि मलाही बसवून घेतलं. त्यांनी सांगितलं की या मुलीसाठी दुसरी शाळा पाहावी लागेल. आईनं सगळं ऐकून घेतलं. तिला कितपत कळलं कोण जाणे. ती फक्त "जी, जी" म्हणत होती. मग तिनं पिशवीतून बाटली काढली आणि मुलीकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "सानू, पाणी पी की गं थोडं. मग जाऊ या."

तो 'की' सांगली-कोल्हापूरकडचा होता. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. एक वाक्य बोलायचं होतं, मराठीत, एवढंच. पण प्रिन्सिपल समोर होत्या, टेबलावर माझ्या सहीचा कागद होता, आणि मी बोलले नाही. त्या दोघी जिना उतरून गेल्या.

मॅडम परत आल्या त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं, गप्प बसले तेसुद्धा. त्या ओरडल्या नाहीत. "बच्ची चुप है, यह तुमने लिखा," त्या म्हणाल्या. "क्यों चुप है, यह किससे पूछा?" मग त्यांनी सांगितलं की अहवाल मी स्वतः जाऊन मागे घ्यायचा, लेखी. शाळेतले माझे सहा महिने धरले जाणार नाहीत, ते पुन्हा करावे लागतील, आणि यात काय चुकलं ते माझ्या फाइलला लागेल. प्रिन्सिपलनी पत्र घेतलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि वर्ष संपेपर्यंत मुलीला ठेवायला कशाबशा तयार झाल्या.

सानिकाचे वडील बँकेत होते. बढतीवर सांगलीहून बदली होऊन आले होते आणि शहरातल्या सिगरा भागात भाड्यानं राहत होते. मी दारात उभी राहिले तेव्हा आतून एक खणखणीत आवाज येत होता. कुणीतरी फोनवर चुलतभावाला माकडांनी गच्चीवरचे कपडे कसे पळवले ते सांगत होतं, न थांबता, हसत, नकला करत. आईनं दार उघडलं, तेव्हा फोन सानिकाच्याच कानाला होता. मी मराठीत म्हटलं की मी चाळीसगावची आहे, अहवाल चुकला होता, तो मागे घेतलाय.

तिनं दाराची कडी हातातून सोडली नाही. "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?" तिनं विचारलं.

 तिनं मला आत घेतलं, पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिचा राग माझ्यावर होता आणि तो रास्त होता.

त्यानंतर मी त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा जात राहिले. सानिकानं हळूहळू सांगितलं: पहिल्याच आठवड्यात वर्गात तिच्या तोंडून "बाई, पाणी प्यायला जाऊ?" असं निघून गेलं. तिकडे बाई म्हणजे कामवाली; सगळा वर्ग 'बाई, बाई' करत हसला, आणि तिनं तोंड मिटलं. ते तिलाही पुन्हा उघडता येईना. मी विचारलं, माझ्याजवळ तरी मराठीत का बोलली नाहीस?

"तुम्हाला मराठी येत नव्हतं ना," ती म्हणाली.

तिनं ते साधेपणानं म्हटलं, पण मी त्या संध्याकाळी भोसले घाटापासून राजघाटापर्यंत चालले तरी ते वाक्य पाठ सोडेना. मला जे लपवायचं होतं ते मी इतकं नीट लपवलं होतं की ज्या एका मुलीला ते दिसायला हवं होतं, तिलाही दिसलं नाही.

सगळं गोड झालं असं नाही. होळीपर्यंत ती शेजारच्या बाकावरच्या एका मुलीच्या कानात कुजबुजायला लागली, तेही हिंदीत. वर्गात मोठ्यानं बोलली नाही. मॅडमच्या देखरेखीखाली मी तिची चाचणी पुन्हा मराठीत घेतली. बुद्धीत काही उणं नव्हतं. जुलैमध्ये तिनं शाळा बदलली आणि नव्या शाळेत पहिल्या दिवशी स्वतःचं नाव सांगितलं, आडनावासकट. वर्षभरानं वडिलांची बदली झाली आणि ते लोक गेले.

सहा महिने वाढल्याचं मी घरी फोनवर सांगितलं, कारणासकट. तिकडे चाळीसगावजवळच्या कॉलेजात एक जागा निघणार होती, आणि अण्णा माझ्या येण्याकडे डोळे लावून होते. त्यांनी किती महिने ते पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "राहा." आई मागून म्हणाली, "त्या पोरीची माफी मागितलीस का?" मी हो म्हटलं.

ती जागा भरली गेली. प्रबंध आता सादर झालाय, आणि मी अजून इथंच आहे. तीन शाळांमध्ये जाते. चाळीसगावला गेले की आठवड्याभरात पाय वळवळायला लागतात. इथं परतले की पहिली रात्र झोप लागत नाही. घर सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्यांचं असंच होतं का, ठाऊक नाही. मागे राहिलेल्यांना मात्र एवढं सांगते: आम्ही रुळलो असं फोनवर म्हणतो, ते अर्धंच खरं असतं.

आता कुठलंही मूल समोर बसलं की चाचणीचा डबा उघडायच्या आधी मी विचारते, घरी काय बोलता? भोजपुरी, बंगाली, नेपाळी, तेलुगू, या शहरात काहीही निघतं. मग मी सांगते की मी मराठी बोलते, आणि मराठीत दोन वाक्यं बोलूनही दाखवते. ळसकट. मुलं हसतात. हसू देते. परवा एका मुलीनं विचारलं, "आपका घर कहाँ है?"

मी उत्तर शोधत होते. ती खुर्ची ओढून माझ्या जवळ सरकली आणि म्हणाली, "अच्छा, सोचकर बताइए. मैं बैठी हूँ."