सारंगकाकांचा अंगठा

मिऱ्या गावात आमच्या शेजारी राहणारे सारंगकाका आगबोटीवर खलाशी भरत आणि त्याआधी प्रत्येकाचा तळहात बघत. शिकायला जर्मनीला निघालेल्या एखाद्याचा पासपोर्ट पोलिसांच्या शेऱ्याने अडला, की तो काकांकडे येई. खलाशी म्हणून चढायचं आणि तिकडे उतरून कॉलेज गाठायचं, असा बेत. काका तळव्यावर अंगठा दाबत. "मऊ आहे. बॉयलरपुढे टिकायचा नाहीस," एवढंच बोलून परत पाठवत.

माझ्या भावाचाही तोच बेत होता. त्याने जांभ्या दगडावर हात घासघासून घट्टे पाडले. काकांनी त्यांवरून सावकाश अंगठा फिरवला.

"जांभ्याचे आहेत," ते म्हणाले. "माझ्या पोरानंही असेच पाडलेले. तेव्हा मला कळलं नाही. एडनच्या पुढे बॉयलरपाशीच गेला. तिथंच समुद्राला दिला त्याला."

भावाचा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.