पत्ता चुकला नव्हता

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज माझ्याकडे आली.

माहेरच्या आद्याक्षरांनी मी एका मासिकाला गोष्ट धाडली होती. तीत बायको गिरणीच्या कचेरीत जाते, नवरा रांधतो आणि ती उठल्यावर तिच्याच उष्ट्या ताटात जेवतो.

आज संपादकांचं उत्तर आलं. पाकिटावर पुरुषाच्या नावाआधी लिहितात तसं ‘रा. रा.’ होतं, म्हणून यांनीच फोडलं आणि मोठ्यानं वाचलं, ‘साहेब, विनोद फक्कड साधलाय. छापतो!’

हे हसले. ‘पत्ता चुकला वाटतं. आपल्याकडं कोण लिहितंय?’

विनोद मी एकही केला नव्हता गं.

खरं कळवलं, तर छापतील का? आणि यांना कळलं तर?

हे आत्ताच जेवून उठलेत. त्यांचं ताट पुढ्यात घेऊन बसलेय. सांगू का?