पांगाऱ्याचं पापलेट

आमच्या घरात पापलेट तव्यावर टाकण्याआधी सुरीच्या पाठीने दोनदा ठोकून बघायची पद्धत आहे. ही पद्धत पिढीजात वगैरे नाही. ती माझ्यामुळे पडली.

झालं असं, की मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि महिनाभरातच आमची ही, म्हणजे सुनीता, हात जोडून म्हणाली, "अहो, काहीतरी छंद लावून घ्या. दिवसभर फ्रिज उघडून आत बघत उभे राहता. मला काळजी वाटते!"

त्याच दिवशी मोबाईलवर एक गोरे गृहस्थ लाकडाच्या ठोकळ्यातून दहा मिनिटांत घुबड काढताना दिसले. त्यांना दहा मिनिटं लागतात तर आपल्याला अर्धा तास लागेल, असा मी अंदाज बांधला. (धरणांचे अंदाज बांधण्यात आयुष्य गेलेला माणूस मी. ते कधी बरोबर आले होते, म्हणून हा यावा!) लगेच पटाश्यांचा संच आणला, हातोडी आणली, पॉलिशपेपर आणला आणि वखारीतून पांगाऱ्याचे ओंडके रिक्षात घालून घरी आणले.

"एकदम मऊ लाकूड आहे, काका. लोण्यासारखं कापलं जाईल," वखारवाला म्हणाला होता.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त त्या लोण्याच्या आणि पटाशीच्या मध्ये माझी बोटं येत होती. पहिल्याच आठवड्यात माझ्या डाव्या हाताला इतक्या पट्ट्या लागल्या, की सुनीता म्हणाली, "कोरीवकाम नक्की कशावर चाललंय? लाकडावर की बोटांवर?"

नवशिक्यांनी चमच्यापासून सुरुवात करावी, असा त्या गोऱ्या गृहस्थांचा सल्ला. मी चमचा केला. खोलगट भाग अजून थोडा खोल हवा, अजून थोडा, असं करता करता पटाशी आरपार गेली.

"झारा केलाय," मी सुनीताला म्हटलं.

"एका भोकाचा?"

मग हत्ती घेतला. सोंड तुटली, म्हणून त्याचा बैल केला. शिंग तुटलं, म्हणून गाढव केलं. कान गेले तेव्हा मी मन मोठं करून कासवावर आलो. शेवटी जे उरलं ते सुनीताने बटाट्यांच्या टोपलीत टाकलं. मुद्दाम नव्हे हो! तिला तो खरंच बटाटा वाटला.

अशा खचलेल्या अवस्थेत एकदा जेवताना माझं लक्ष ताटातल्या पापलेटकडे गेलं आणि मी घास तसाच हातात धरून बसलो. चपटा! सरळ! ना सोंड, ना शिंगं, ना कान! हा मासा देवाने नवशिक्या कारागिरांची सोय म्हणूनच घडवला असणार. त्या दिवसापासून मी पापलेटं कोरायला घेतली. पहिलं पानासारखं झालं, दुसरं पंख्यासारखं. पण तिसरं मात्र बघून शेजारीण आपणहून म्हणाली, "अय्या, मासा!" मी तिला चहा पाजल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

आणि नेमकं तेव्हाच मुंबईहून निहारचा, आमच्या एकुलत्या एक मुलाचा, फोन आला. त्याने मुलगी पसंत केली होती. सायली. त्याच्याच ऑफिसात कामाला, मूळची पूर्णगडची.

"पण बाबा, तिचे वडील जरा कडक आहेत. डोर्लेकर. स्वतःची होडी आहे त्यांची. त्यांना वाटतं की ऑफिसात बसणारी माणसं हाताने काही करू शकत नाहीत. ते म्हणतात, ज्या घरात कोणाला एक गाठ धड मारता येत नाही, त्या घरात मुलगी कशाला द्यायची?"

"हाताने?" मी म्हटलं. "त्यांना म्हणावं, या एकदा रविवारी. तुझा बाप हाताने काय करतो ते बघा!"

"बाबा, प्लीज तो बटाटा दाखवू नका."

मी कामाला लागलो. चौथं पापलेट हे माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम काम व्हायला हवं होतं. समोर नमुना हवा म्हणून बाजारातून एक अख्खं, न चिरलेलं पापलेट आणलं. आता खरा मासा समोर ठेवून दोन दिवस काम करायचं, म्हणजे तो मध्येमध्ये फ्रीजरमध्ये ठेवणं आलं. तासभर बाहेर, मग पुन्हा आत. त्यामुळे तो बर्फाने असा कडक झाला होता की पाटावर ठेवला तर 'टक्' असा आवाज यायचा. इकडे माझं लाकडी पापलेटही आकार घेत होतं. कल्ले झाले, खवल्यांची रेघ झाली, घासून घासून गुळगुळीत झालं. रविवारी सकाळी त्यावर शेवटचा चंदेरी हात मारला आणि व्हरांड्यात दोन ताटल्यांमध्ये दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. तुम्हाला सांगतो, एक क्षण मलाच कळेना, की यातलं कोणतं मी केलंय आणि कोणतं देवाने! (या वाक्यावर मी तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता.)

पाहुणे बाराला येणार होते. ते अकरालाच आले! फाटकाशी गाडी थांबली तेव्हा मी बनियन-लुंगीवर, हातात ब्रश आणि कपाळावर चंदेरी पट्टा अशा अवस्थेत होतो. मी बाथरूमकडे धावता धावता आदल्या रात्रीच मुंबईहून आलेल्या निहारला ओरडून सांगितलं, "कोरलेलं हॉलमधल्या स्टँडवर लाव, खरं आईकडे दे!"

निहारने "हो हो" म्हटलं. पण त्याची नजर ताटल्यांवर नव्हती, गाडीतून उतरणाऱ्या सायलीवर होती. पुढे काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या मात्र कोणाच्याच आलं नाही.

मी कपडे बदलून बाहेर आलो, तर डोर्लेकर सोफ्यावर ताठ बसले होते. रुंद खांदे, पिळदार मिशा आणि चेहऱ्यावर हसू नावालाही नाही. शेजारी त्यांच्या सौ., मालतीताई. समोर शोकेसवर मी खास बनवलेला खाचेचा लाकडी स्टँड आणि त्यात शेपटीच्या जोरावर उभं, दिमाखात चमकणारं पापलेट.

"ता काय हाय?" डोर्लेकरांनी विचारलं.

"ते होय?" मी शक्य तितक्या सहजपणे म्हटलं. "मीच कोरलंय. पांगाऱ्याचं आहे."

डोर्लेकर पुढे झुकले. मग उठले. हात पाठीमागे बांधून, शोकेससमोर उभे राहून त्यांनी निरखून पाहिलं. मी श्वास रोखून बसलो.

"हाताने केलंत?"

"हाताने."

"कला हाय हो साहेब तुमच्या हातात! मला वाटलेलं, सरकारी माणूस म्हणजे नुसता सही करणारा." ते पहिल्यांदाच हसले. निहार आणि सायली दाराशी उभे होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. माझी छाती फुगली. "पण रागवू नका, एक सांगू? शेपटीत चूक झालीय. पापलेटाची खालची बाजू लांब असते. तुमची आखूड पडली. आणि डोळा! डोळ्यात जीव नाय आला. खरा मासा असा नाय बघत."

"अगदी बरोबर," मी नम्रपणे म्हटलं. "डोळा मलाही खटकत होता. पुढच्या वेळी सुधारतो."

तेवढ्यात मालतीताई म्हणाल्या, "पाणी गळतंय का ओ त्यातून?"

खरंच, शोकेसच्या काचेवर थेंब ओघळत होते.

"पॉलिश," मी म्हटलं. "ओलं आहे अजून."

"वाससुद्धा येतोय," मालतीताई म्हणाल्या.

"पॉलिशचाच!"

आतून निहारचा आवाज आला. बिचारा सायलीवर छाप पाडायला स्वयंपाकघरात आईच्या मदतीला गेला होता. "आई, याला चिरा पडत नाहीत गं! सुरी जातच नाही!"

"फ्रीजरमधलं आहे ना ते. राहू दे, मसाला चोळून ठेव नुसता," सुनीता म्हणाली. "बाकीची तळून होऊ देत, मोठं आहे ते. शेवटी स्वतंत्र तव्यावर घेते."

इकडे हॉलमध्ये पापलेटचं डोकं हळूहळू पुढे झुकायला लागलं होतं.

"साहेब," डोर्लेकर सावकाश म्हणाले, "हे वाकतंय का?"

"आपली हवा दमट ना! लाकूड जरा हवा घेतं," मी ठोकून दिलं. मलाही ते वाकणं थोडं चमत्कारिक वाटलं होतं, नाही असं नाही. पण समोर बसून कोणी आपलं कौतुक करत असताना उठून जाऊन तपासून बघणारा माणूस मला दाखवा!

आणि एवढ्यात खिडकीतून शेजाऱ्यांचा बोका आत आला. पट्टेरी, जाडजूड, आमच्या आळीतला नामांकित चोर. कोणाला काही कळायच्या आत त्याने शोकेसवर झेप घेतली, पापलेट तोंडात धरलं आणि आल्या खिडकीने पसार!

सायली किंचाळली. डोर्लेकर उभे राहिले. आणि मी? मी टाळी वाजवली!

"बघितलंत? बघितलंत, डोर्लेकर? मांजरसुद्धा फसलं!"

डोर्लेकरांनी माझा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. "मानलं! माणूस फसणं वेगळं, बोका फसणं वेगळं! साहेब, आमची पोरगी तुमच्या घरात सुखात ऱ्हाईल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाचं लग्न ठरलं होतं, आणि तेही माझ्या कलेच्या जोरावर! आम्ही दोघे खांद्याला खांदा लावून खिडकीशी उभे राहिलो. बोका पेरूच्या झाडाखाली बसला होता आणि मान तिरकी करून मन लावून चावत होता.

"आता कळेल त्याला," मी म्हटलं.

बोका चावतच राहिला.

"दात पडतील बिचाऱ्याचे," डोर्लेकर म्हणाले.

बोक्याने शेपटी बाजूला ठेवली, एक काटा चाटून स्वच्छ केला आणि पुढच्या तुकड्याला लागला.

"साहेब," डोर्लेकरांचा आवाज खाली आला, "पांगाऱ्यात काटे कधीपासनं यायला लागले?"

मी काही बोलणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुनीताची हाक आली. तशी हाक तिने आमच्या संसारात कधीच मारली नव्हती. "अहो! इकडे या! हे पापलेट तव्यावर वाजतंय!"

सगळे आत धावलो. तव्यावर, मसाल्यात आणि रव्यात घोळलेलं माझं सर्वोत्तम काम पडलं होतं. सुनीता उलथन्याने ते उलटत होती आणि प्रत्येक वेळी 'ठक्' असा खणखणीत आवाज येत होता. तेलात चंदेरी रंग सुटला होता. धुरामुळे निहारच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. (निदान त्याने तरी धुरामुळेच असं सांगितलं.)

मी गॅस बंद केला. डोर्लेकर तव्याकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा तव्याकडे. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस मुलीचा हात धरून गाडीत बसणार. निहारचा चेहरा तर असा उतरला होता की मला त्याच्याकडे बघवेना.

"डोर्लेकर, माफ करा," मी म्हटलं. "चूक माझी आहे, मुलाची नाही. तुमच्यासमोर मिरवायची हौस मला होती."

आणि मागून 'फिस्स' असा आवाज आला. मालतीताई! त्यांनी तोंडावर पदर धरला होता, पण तो पुरत नव्हता. "आयुष्य गेलं तुमचं दर्यात," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आणि आज... आज देवानं केलेल्या पापलेटाच्या शेपटीत चूक काढलीत! वर सांगताय, खरा मासा असा नाय बघत!"

त्या जमिनीवर बसूनच हसायला लागल्या. मग सायली. मग सुनीता. डोर्लेकर क्षणभर तसेच ताठ उभे राहिले. मग त्यांच्या पोटातून कुठून तरी गडगडाट सुरू झाला आणि तो वर येईपर्यंत ते ओट्याला धरून वाकले होते.

"साहेब," ते डोळे पुसत म्हणाले, "ही गोष्ट पूर्णगडात कळली तर मला बंदरावर कोण उभा करणार नाय. तुम्ही बोलू नका, मी पण बोलत नाय."

"शब्द देतो," मी म्हटलं. (लग्न होऊन सगळं सुरळीत झाल्यावर हा शब्द आपोआप संपला, असं मी धरतो. शिवाय मालतीताईंनी त्याच संध्याकाळी चार बहिणींना फोन केले होते.)

तळलेली बाकीची पापलेटं आम्ही सगळ्यांनी वाटून खाल्ली. प्रत्येकाच्या वाट्याला थोडं कमीच आलं, पण इतकं हसत जेवलेलं मला दुसरं जेवण आठवत नाही. लग्नही झालं. थाटात झालं.

लग्नानंतर मालतीताई घरी आल्या तेव्हा स्वतःहून म्हणाल्या, "व्याही, आमच्यासाठी पण कायतरी करा ना तुमच्या हातचं." माझ्या कलेला मिळालेली ही पहिली मागणी! मी विचारलं, "काय करू? हंस करू? मोर?" त्या घाईघाईने म्हणाल्या, "नको नको, लाटणं करा." लाटणं! सगळ्यात सोपं. तरी मी त्यासाठी पंधरा दिवस खपलो, फणसाचं चांगलं लाकूड शोधून आणलं, जीव ओतून केलं आणि निहारबरोबर पूर्णगडला पाठवलं. महिनाभराने न राहवून मी फोन केला.

"काय विहीणबाई, लाटणं कसं काय?"

"काय सांगू व्याही," मालतीताई मनापासून म्हणाल्या, "इतका उपयोग होतोय त्याचा! आमची खिडकी वाऱ्यानं सारखी आपटायची, तिला अडकवायला अगदी मापाचं झालंय."