कोळसा नाहीतर दरवाजा

बसण्याआधी जागा पुसणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. आमच्या इमारतीचे पहारेकरी मात्र उठल्यावर पुसत. विटांच्या थप्पीवर बसलेले असोत की उपड्या घमेल्यावर, उठले की खांद्यावरचा पंचा काढायचे आणि आपण बसलो होतो तेवढी जागा नीट पुसून घ्यायचे. मी एकदा विचारलं, "हे काय हो?" तर म्हणाले, "कोणतरी एकदा बोलला, काळा रंग लागंल. तवापासून पुसतो. आता हाताला सवयच झाली, बाई." आणि हसले. मला काही हसू येत नव्हतं, पण त्यांना एकट्याला हसू द्यायला नको म्हणून मीही हसले.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. ठाण्यात नौपाड्याला आमच्या सोसायटीची इमारत उभी राहत होती आणि ते तिथे पहारेकरी होते. मी शाळेत शिकवत असे. आमचं बिऱ्हाड म्हणजे यजमानांच्या चुलतभावाच्या घरात पडदा लावून केलेली अर्धी खोली. शाळा सुटली की पाय ओढत मी इमारतीकडे एक चक्कर मारायची. सिमेंटच्या परमिटासाठी काम महिनोन् महिने अडलेलं असे. भिंती काल होत्या तिथेच आजही. त्या भिंतींकडे बघत आम्ही दोघं बोलत बसायचो.

ते सिद्दी होते, जंजिऱ्याकडचे. पूर्वजांना कधीकाळी आफ्रिकेतून जहाजांत घालून आणलेलं. आता त्याला इतक्या पिढ्या झाल्या होत्या की ते आमच्यापेक्षा अस्सल कोकणी बोलत. पण कुरळे केस आणि काळाभोर चेहरा पाहिला की आमच्या सभासदांची जीभ आपोआप हिंदीत वळायची. पोस्टातले एक साहेब आमचे चिटणीस. त्यांनी पहिल्याच दिवशी मोठ्याने, सावकाश विचारलं, "तुम कहाँ का है?"

"मुरूडचा."

"वैसा नहीं. असली गाँव कौनसा?"

"असली मुरूडच, साहेब. पावसात होडी बंद असते, एरवी कधीपण या."

चिटणीसांना त्यात उद्धटपणा दिसला. मला तर आमंत्रण दिसलं.

आधी ते संस्थानात पहाऱ्यावर होते. संस्थान विलीन झालं, तसा पहाराही गेला. मग पोटासाठी मुंबईच्या बंदरावर, तिथून कल्याणला, तिथून डोंबिवलीला अशी वणवण झाली. एकदा म्हणाले, "जिथं गेलो तिथं मुकादम तोंडाकडं बघायचा आणि बोलायचा, जा, कोळसा उपस. नायतर बोलायचा, दरवाजावर उभा रहा, चोर भितील. कोळसा नायतर दरवाजा. तिसरं काम आम्हाला कोण दाखवतच नाय."

"पण तुम्हाला लिहिता-वाचता येतं ना?"

"येतं की. पण विचारतो कोण?" मग म्हणाले, "बाप आगबोटीत कोळसा टाकून मेला. मला दरवाजा भेटला. पोरीला यातलं कायपण नको."

कंत्राटदाराने त्यांच्या रंगाचा आणखी एक उपयोग शोधून काढला होता. नवा स्लॅब टाकला की तो त्यांना रस्त्याच्या बाजूला उभं करायचा. म्हणायचा, "अरे, तू इथंच उभा रहा. बिल्डिंगला दृष्ट लागायची नाही." हे पुकारा न करताही गावभर झालं. मग तान्ही मुलं घेऊन बायका येऊ लागल्या, मुलाला लांबूनच त्यांच्यासमोर धरायच्या आणि निघून जायच्या. त्यांतल्याच काही जणी संध्याकाळी त्याच मुलांच्या थोरल्या भावंडांना सांगायच्या, "गप जेव, नाहीतर हबशी येईल हं." ते सगळं त्यांच्या कानावर यायचं. "दोन कामं करतो, बाई," ते म्हणायचे. "राखण करतो आणि दृष्ट काढतो. पगार राखणीचाच."

मुलगी चौथी पास होऊन घरी बसली होती. त्यांच्या वाडीतली शाळा तिथेच संपत होती. ठाण्यात आणायची तर खोली हवी, आणि खोली त्यांना कोणी देत नव्हतं. भाड्याची पाटी बघून जायचे, मालक दार उघडायचा आणि खोली त्याच क्षणी गेलेली असायची. ते स्वतः मुसलमान, तरी मुसलमान मोहल्ल्यातही तीच तऱ्हा. तिथेही म्हणत, तुमच्यातली वस्ती बघा. "आमच्यातली वस्ती कुठं हाय ती मला तरी कुठं ठाऊक?" असं ते त्रासून म्हणाले होते. बांधकाम चालू असेतो अर्ध्या भिंतींच्या आडोशाला राहायचं, इमारत पुरी झाली की ट्रंक उचलायची, असं त्यांचं चाललं होतं.

आमच्या इमारतीच्या नकाशात मात्र फाटकापाशी पहारेकऱ्याची छोटी खोली होती. कंत्राटदाराने शब्द दिला होता की ती त्यांची, बायको-मुलीसकट. ती खोली बांधताना गवंड्याच्या हाताखाली ते स्वतः राबले. खिडकी जरा मोठी करून घेतली, पोरीला वाचायला उजेड हवा म्हणून. मी आमच्या मुख्याध्यापिकेशी बोलून पाचवीतला प्रवेश पक्का केला. त्यांनी घरी निरोप धाडला, निघा.

ताबा मिळायच्या आदल्या आठवड्यात सभासदांची सभा झाली. पहारेकऱ्याच्या खोलीचा विषय निघाला. पाण्याचा प्रश्न निघाला. एक बिऱ्हाड आलं की मागून सगळी वाडी येते, असं कोणी म्हणालं. मुलं खाली खेळायला घाबरतील, असं कोणी म्हणालं. रंगाचं नाव एकानेही काढलं नाही. मी उभी राहिले आणि होतं ते सगळं सांगितलं, शाळेचंही. चिटणीस म्हणाले, "तत्त्वतः तुमचं अगदी बरोबर आहे, बाई." तेव्हाच मी ओळखलं की हरलो. मताला दोन हात वर झाले. एक माझा, दुसरा यजमानांचा, तोही अर्धाच. पहारेकऱ्याने हवं तर एकट्याने राहावं, रात्री फाटकाशी झोपावं, आणि खोलीत सायकली ठेवाव्या असं ठरलं. सायकली भिजता कामा नयेत यावर मात्र एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी रविवार. त्यांना हे दुसऱ्या कोणाकडून कळायला नको म्हणून मी सकाळीच गेले. कंत्राटदार माझ्या आधी येऊन सांगून गेला होता. आणि फाटकापाशी दोन बोचकी घेऊन त्यांची बायको आणि मुलगी बसल्या होत्या. रेवसहून मुंबईची लाँच पकडून नुकत्याच पोचलेल्या. मुलगी बापासारखीच, उंच, काळी, दोन घट्ट वेण्या घातलेली.

"आलीच हाय तर बघून तरी घेऊ दे," ते म्हणाले आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघाले.

एकेक दार उघडून त्यांनी दोघींना सगळी इमारत दाखवली. मी मागोमाग. कुठली भिंत दोनदा पाडली, कुठे गवंड्याने चुना कमी घातला, कुठल्या खिडकीतून मिठागरं दिसतात, सगळं उत्साहाने सांगत होते. मुलगी प्रत्येक खोलीत विचारायची, "ही कोणाची?"

"ही पोस्टातल्या साहेबांची. ही बँकवाल्यांची. ही या बाईंची."

"मग आपली?"

ते कडीशी खटपट करत राहिले. मग म्हणाले, "आपली अजून बांधायला घेतली नाय."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "हिला माझ्याकडे राहू दे. पडदा आणखी थोडा सरकवू. माझ्याबरोबर शाळेत येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, नुसता थकवा होता. "बाई, तुम्ही ठेवाल. पोरीसारखी ठेवाल. पण माझी आजी अशीच एका मोठ्या घरात ठेवलेली होती. शिकवू बोलूनच नेली होती. ती माणसंपण चांगली होती." मग म्हणाले, "लेक लोकांच्या घरात ठेवायची तर मी इतकी वर्षं काय केलं?"

मी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. काय तोंडाने करणार?

फाटकाशी एकट्याने झोपायला ते राहणार नव्हते. खडवलीकडे एका खडीच्या खाणीवर माणसं घेत होते, तिथे खोपटं बांधायला जागा देत होते. "तिथं शाळा?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही.

जाताना त्यांनी जुडग्यातून एक किल्ली वेगळी काढली. "बाकीच्या कंत्राटदाराकडं देतो. तुमची तुम्हाला देतो, आलाच हाय तर." त्यांनी ती मुलीच्या हातात ठेवली. "दे बाईंना."

ती पुढे आली. नमस्कार करावा की नाही अशी क्षणभर घुटमळली, मग उजव्या हाताने किल्ली माझ्या हातावर ठेवून आईच्या मागे चालू लागली. त्यांनी ट्रंक डोक्यावर घेतली होती. ती तिघं पुन्हा मला कधी भेटली नाहीत.

त्या किल्लीसाठी मी चार वर्षं अर्ध्या खोलीत काढली होती. मुठीत घेऊन फाटकाशी कितीतरी वेळ उभी होते. घर झाल्याचा आनंद काही मला त्या दिवशी झाला नाही, आणि पुढे तो राहूनच गेला.