मिठातलं कातडं

"हात लाव. तुला कसली घाण वाटणार?"

साहेब म्हणाले. तीन वर्षं ते मला मॅडम म्हणत होते. त्या रविवारी, भर दुपारी, कारखाना बंद असताना, लॅबमागच्या सँपल रूममध्ये पहिल्यांदा तू म्हणाले. स्वतः दारात उभे, नाकाला रुमाल. डीप फ्रीजरचं झाकण उघडं. आत निळ्या ताडपत्रीत काहीतरी गुंडाळलेलं. मी ताडपत्री बाजूला केली. पिवळ्यावर काळे ठिपके दिसले. बिबट्याचं कातडं. डोक्यासकट, पंजांसकट.

सिल्वासाजवळ राखोलीच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात मी केमिस्ट होते. साहेब तिथले प्लांट हेड, पुण्याचे. बोलणं गोड, हसणं गोड.

"मालकांच्या फार्महाऊसवर उभा करायचाय. जिवंत वाटला पाहिजे. पंधरा दिवसांत कर. तुझे वडील कमावतातच की चामडं. तुमच्या रक्तात असतं ते."

कुठून आणलं, मी विचारलं नाही. मानेभोवती एक काळी रेघ होती, तारेच्या फासाची.

आम्ही ढोर. धुळ्याकडचे. जनावराचं कातडं कमावणारी जात. सिल्वासाला आल्यापासून मी सगळ्यांना सांगत होते, वडील शेती करतात. मग दिवाळीनंतर बाबा उडदाचे पापड घेऊन गेटवर आले आणि नेमकी साहेबांची गाडी तिथे थांबली. बाबांचे हात कोपरापर्यंत तपकिरी. साहेबांनी विचारलं, हे काय? बाबा ताठ उभे राहिले. म्हणाले, "बाभळीच्या सालीचा रंग साहेब. चामडं कमावतो." त्या दिवशी मला बाबांचा राग आला. आज माझाच येतो.

चौथीत असताना वर्गात मेलेलं मांजर सापडलं होतं. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ माझ्याकडे बोट केलं. "ही उचलेल." मी उचललं. गावाबाहेर टाकून आले. परत आले तर म्हणाले, आंघोळ करून ये, मगच आत बस. मी घरी गेले आणि त्या दिवशी परत शाळेत गेले नाही.

फ्रीजरपाशी मला तेच बोट दिसलं. तरी नाही म्हणायला तोंड उघडलं नाही. उलट मी समजावत बसले. शिकलेल्या माणसाची खोड.

"साहेब, कमावणं वेगळं आणि हे वेगळं. बाबा कातडं आधी चुन्यात घालतात. आठ दिवसांत केस सुटतात, ते खरवडून काढायचे. मग पिशवीसारखं शिवायचं, सालीच्या पाण्यानं भरायचं, टांगायचं. शेवटी चामडं हातात येतं. चपलेचं, पट्ट्याचं. जनावर कसं दिसत होतं, ते त्यात राहत नाही. तुम्हाला पाहिजे त्यात एक केस हलून चालत नाही. मांस खरवडून मीठ लावतात, मसाला चोळतात, आत साचा घालून वर कातडं चढवतात. ते कारागीर वेगळे. आमच्यात कुणी करत नाही."

"चामडं ते चामडं," साहेब म्हणाले. मग थांबले. "चुन्यात केस सगळे जातात?"

"सगळे."

हे त्यांनी का विचारलं, ते बुधवारी कळलं. खानवेलच्या जंगलाकडे वनखात्याची माणसं फासात मेलेल्या बिबट्याची गावोगाव चौकशी करत फिरत होती. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं.

"उभा करायचं राहू दे. सांडपाण्याच्या प्लांटवर चुना आहे, मागची टाकी रिकामी आहे. डोकं आणि पंजे कापून दे, त्याचं मी बघतो. बाकीचं घाल चुन्यात. केस गेले की बकरी काय आणि बिबट्या काय."

ही अक्कल मीच त्यांना दिली होती. माझ्याच तोंडानं.

मग त्यांनी चावीची वही पुढे सरकवली. रविवारपासून रोज सँपल रूमच्या चावीपुढे माझं नाव लिहिलेलं. सहीची जागा तेवढी मोकळी. "सही कर. तुमच्यातल्या कुणी चुन्यात कातडं घातलं तर कुणाला नवल वाटणार आहे?"

आणि गोड हसले. मला तेव्हा पहिल्यांदा त्या माणसाची भीती वाटली.

मी सही केली. कातड्यापर्यंत पोचायची चावी मिळायला दुसरा रस्ता नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"चुन्यात घालू नको पोरी. चुन्यात वळख जाती. मिठात ठिव. मिठात जसंच्या तसं ऱ्हायतं." मग हळू म्हणाले, "नोकरी जाईन तुझी."

"जाईल," मी म्हटलं.

कापडावर रंग चढायला मीठ लागतं, त्यामुळे रंगाच्या कारखान्यात त्याला तोटा नसतो. शिफ्ट सुटल्यावर दोन गोण्या सँपल रूममध्ये ओढत आणल्या. दाराला आतून कडी घातली. कातडं फ्रीजरमधून काढून मऊ होऊ दिलं, केस खाली करून फरशीवर पसरलं. हातमोजे काढून ठेवले. मोज्यांनी नीट लागत नाही. कानांच्या आत, पापण्यांखाली, पंजांच्या बोटांमध्ये बोट घालून घालून मीठ भरलं, कारण सडायला तिथूनच लागतं आणि केस सुटतात. मानेच्या रेघेवर सगळ्यात जपून. बोटं चरचरत होती. लहानपणी बाबांशेजारी बसून हेच केलं होतं, तेव्हाही चरचरायची. लाज मात्र या वेळी वाटली नाही.

मग वनखात्याला फोन केला. स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, जातही सांगितली. त्यांनी विचारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी आली. साहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग अधिकाऱ्यापुढे वही उघडली आणि माझ्याकडे बोट केलं.

"ये इन लोगों का खानदानी काम है सर. हमें क्या पता यहाँ क्या चलता है."

अधिकारी मला म्हणाला, "साइन आपका है?"

"हाँ. और नमक भी मैंने लगाया है." मी त्याला मानेवरची रेघ दाखवली. साहेबांचं नाव सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं, पण आरोपींत पहिलं नाव माझं लागलं. पुरावा म्हणून साहेबांविरुद्ध माझा शब्द आहे, आणि माझ्याविरुद्ध माझीच सही.

आता जामिनावर आहे. नोकरी गेली. घरमालकानं खोली सोडायला सांगितलंय. समोरच्या पानटपरीवर एक मोटारसायकल रोज येऊन थांबते, तिच्यावरचा माणूस पान खात नाही. परवा तो वर आला. दारातूनच बोलला.

"जबानी बदल. तुझ्या बापानं आणलं असं सांग. म्हातारा माणूस आहे, सोडून देतील त्याला."

मी दार लावलं.

कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. बाबांना सोबत नेणार आहे. हात झाकायचे नाहीत, असं त्यांना बजावून ठेवलंय. ते कातडं कोर्टात उलगडायला लावीन. कुणी विचारो न विचारो, उभी राहून सांगीन: मी ढोराची मुलगी आहे, मला हे लपवायचं असतं, तर यावर एकही ठिपका उरला नसता.